दाजींचा राग, दाजींचे पडदे

माझ्या थोरल्या बहिणीच्या यजमानांइतका रागीट माणूस सबंध नगर जिल्ह्यात झाला नाही. अकोल्याच्या डोंगरापासून जामखेडच्या माळापर्यंत मी मास्तरकी करत हिंडलो, तेव्हा हे मी माहितीनं सांगतो आहे. तशी रागीट माणसं आमच्याकडे पुष्कळ. पण त्यांच्या रागाला काही कारण लागतं, निदान शेजाऱ्याचं ढोर तरी शेतात शिरावं लागतं. दाजींना कारण लागत नसे. सकाळी उठल्याबरोबर ते चहावर चिडत, चहा झाला की उन्हावर चिडत आणि संध्याकाळी अंगणात उभे राहून मावळतीवर चिडत. "बघा मास्तर, बघा!" ते मला हाताला धरून दाखवायचे. "भगवा कसा ओतलाय नुसता! ना मेळ, ना काय. आसा रंग मी पडद्यावर मारला आसता तर लोकांनी मला जोड्यानं हानला आसता. ह्याला कोन इचारतंय?" आणि खरोखर त्या सूर्याला जाब विचारणारं कोणी नाही या अन्यायानं त्यांचे कान लाल व्हायचे.

दाजींचा धंदा नाटकाचे पडदे रंगवून भाड्यानं देण्याचा. कर्जतच्या बाजारपेठेमागं त्यांचं पत्र्याचं घर होतं, पुढं मोठं अंगण, आणि त्या अंगणात कायम कुठला तरी राजवाडा वाळत पडलेला असे. त्या काळी जत्रा आली की गावोगावच्या हौशी मंडळींचं नाटक ठरलेलं. पाटलाचा मुलगा राजा व्हायचा, सोसायटीचा सेक्रेटरी प्रधान, आणि मागं टांगायला रस्ता, राजवाडा, जंगल, तुरुंग आणि झोपडी एवढे पाच पडदे लागायचे. ते दाजी पुरवायचे. मांजरपाटाचे पट्टे माझी बहीण, आक्का, जोडून शिवायची. दाजी चुलीवर सरस शिजवायचे, त्यात पुडीचे रंग कालवायचे आणि अनवाणी पायांनी कापडावर फिरत, ओणवे होऊन, स्वतःला आणि जगाला शिव्या देत रंग मारायचे. सरस शिजताना असा वास सुटायचा की गल्लीतली माणसं नाकाला पदर-उपरणं लावून जात, आणि ती तशी जातात म्हणून दाजी चिडत. एकदा ओल्या राजवाड्यावरून आक्काची कोंबडी चालत गेली. त्या कोंबडीचं पुढं काय झालं हे आक्कानं मला दुपारी ताट वाढल्यावर सांगितलं.

या सगळ्या रागाच्या तळाशी एकच गोष्ट होती. आपलं काम चुकलं असं कोणी म्हटलेलं दाजींना सोसत नसे. पडदा बिघडला तर कापड बोगस होतं, सरस जुना होता, पुडीवाल्यानं माती मिसळली होती, आक्कानं शिवण तिरकी घातली होती. दाजींचा हात चुकला, असं कधीही झालेलं नव्हतं. आणि चुकलेला पडदा घरात राहत नसे. ते तो फाडत. उभा, आडवा, पायाखाली धरून टराटरा. आक्का नंतर त्याच्या चिंध्या गोळा करून गोधड्यांत भरायची, त्यामुळे त्या घरात मी जेव्हा जेव्हा झोपलो तेव्हा माझ्या अंगाखाली कुठला तरी नापास राजवाडा असायचाच.

शेवगावकडच्या एका गावात तर त्यांनी कहर केला होता. नाटकाचा पहिला अंक रंगात आला होता. पुढं बसलेला एक म्हातारा शेजाऱ्याला सहज म्हणाला, "खांब वाकडं वाटत्यात न्हाई का?" दाजी आडोशाला उभे होते. त्यांनी ते ऐकलं, आणि दुसऱ्या क्षणी दोरी सोडून आख्खा राजवाडा सरसर गुंडाळून घेतला. राजा बोलतच राहिला. रंगमंच सरकारी दवाखान्याच्या भिंतीला लागून बांधलेला होता, आणि राजवाडा गेल्यावर मागं भिंत उघडी पडली. भिंतीवर हातहात उंचीच्या अक्षरांत लिहिलेलं होतं, "दोन किंवा तीन मुलं पुरेत." त्याच्यापुढं उभा राहून राजा छातीवर हात ठेवून सांगत होता, "महाराणी, आम्हांस शंभर पुत्र हवेत!" ते नाटक तिथून पुढं गेलं नाही. दाजी पडदा खांद्यावर टाकून चालू लागले होते, आणि लोक का हसताहेत हे त्यांना आठ दिवसांनी कळलं. कळल्यावर ते त्यावरही चिडले.

हे सगळं मी हसत सांगतो आहे, पण तेव्हा मला हसू येत नव्हतं. मला दाजींचा संताप यायचा. कारण त्यांचा राग ते गावोगाव वाटत हिंडत आणि त्याची भरपाई घरी आक्का करायची. एकेक गाव तुटत होतं. "पडदं झ्याक हायेत, पन त्यो मानूस नगं," असं सांगून लोक नगरहून पडदे आणायला लागले होते. आक्का शिवण मारायची आणि दोरा दातानं तोडायची, इतक्या जोरानं की मला त्या दोऱ्याच्या जागी दाजी दिसायचे.

आणि मग वाघ आला.

श्रीगोंद्याकडच्या एका गावानं शिकारीचं नाटक बसवलं होतं. त्यांना जंगलात वाघ हवा होता. दाजींनी वाघ कधी पाहिला नव्हता. पाहिला नाही असं म्हणणं त्यांच्या स्वभावात नव्हतं. त्यांनी सात दिवस दार लावून घेतलं आणि वाघ काढला. मी त्या नाटकाला प्रॉम्प्टर होतो, मेहुण्याच्या नात्यानं गावानं मला धरून नेलं होतं. दुपारी पडदा टांगला तेव्हा मी तो वाघ पहिल्यांदा पाहिला. तो वाघ मागल्या पायांवर अवघडून बसला होता, तोंड किंचित उघडं, डोळे वर लावलेले. जेवणाच्या पंगतीत ज्याच्यापर्यंत वाढपी पोचलेलाच नाही अशा माणसाचा चेहरा मला आठवला. ते दाजींना सांगायची माझी छाती नव्हती.

दिवे लागले, नाटक सुरू झालं. शिकारी झालेल्या तरण्याबांड गड्यानं भाला रोखून वाघाकडं वळत गर्जना केली, "व्याघ्रराजा, आज तुझी गाठ माझ्याशी आहे!" आणि प्रेक्षकांतून एक आवाज अगदी कळवळून आला, "आरं सोड त्येला! त्यो बिचारा भाकर मागतुया!"

पहिल्यांदा मागचे हसले, मग पुढचे. मग शिकारी हसला आणि भाला टेकून खाली बसला. आणि मीही हसलो. वही तोंडावर धरून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसलो. वही खाली घेतली तेव्हा समोरच्या विंगेत दाजी उभे होते आणि लोकांकडं न बघता माझ्याकडं बघत होते.

नंतर ते रंगमंचावर गेले आणि गावाला बोलायचं ते बोलले. त्यांनी त्या गावाच्या पाण्यापासून सुरुवात केली आणि पूर्वजांपर्यंत गेले. लोक उठून उभे राहिले. मी आणि पाटलानं मिळून त्यांना ओढून खाली आणलं. दुसऱ्या दिवशी सकाळी कर्जतच्या स्टँडवर उतरल्यावर ते मला पहिल्यांदा बोलले. "तुमी हासलात."

"हसलो," मी म्हणालो. मलाही राग चढला होता. गेल्या कित्येक वर्षांचा चढला होता. "तुमचा वाघ वाईट होता, दाजी. लोक वाईट नव्हते."

त्यांनी पडद्याची गुंडाळी माझ्या पायाशी टाकली आणि निघून गेले. ती मी आणि आक्कानं घरी नेऊन माळ्यावर टाकली. त्यानंतर दोन वर्षं दाजी माझ्याशी बोलले नाहीत. मी घरी गेलो की ते अंगणातून उठून परसात जायचे, आणि परसात असले तर अंगणात यायचे. त्यांच्या एक ध्यानात आलं नव्हतं. तो वाघ फाडायला ते विसरले होते.

मग बहात्तरचा दुष्काळ पडला. जत्रा झाल्या त्या नुसत्या नारळ फोडण्यापुरत्या. नाटकाचं नाव काढायची कोणाला लाज वाटत होती. अंगणात राजवाडे वाळायचे बंद झाले आणि आक्का दुष्काळी कामावर खडी फोडायला जाऊ लागली. दाजी गेले नाहीत. "मी कलावंत मानूस हाय," ते म्हणत आणि रिकाम्या अंगणात येरझारा घालत. मी मे महिन्याच्या सुट्टीत गेलो तेव्हा आक्काच्या हातांना घट्टे पडले होते आणि दाजींच्या कपाळाला आठ्या. त्या दोघांत नेमकं कोण जास्त कष्ट करतंय असा त्यांच्या चेहऱ्यावरून प्रश्न पडावा! मी त्यांना तोंडावर बोलणार होतो, शब्दसुद्धा जुळवून ठेवले होते. तेवढ्यात ते माळ्यावरून ओरडत खाली आले.

"जंगल कुठंय? जंगल कुनी नेलं?"

दोन वर्षांतलं माझ्याशी बोललेलं ते पहिलं वाक्य. शेजारणीनं कुंपणावरून सांगितलं, "वैनींनी न्हेलंय कामावर. चार दीस झालं की." दाजींनी पायात वहाणासुद्धा घातल्या नाहीत. ते पुढं आणि मी मागं, असे आम्ही टळटळीत उन्हात दीड मैल चाललो. वाटेत ते सारखे बोलत होते आणि त्यातलं छापण्याजोगं काहीच नाही.

माळावर नव्या रस्त्याचं काम चाललं होतं. शंभरएक बायामाणसं हातोडी घेऊन बसली होती, नुसता टकटक आवाज. एका बाजूला दोन बाभळी होत्या, पानं नसलेल्या. त्यांच्यामध्ये दाजींचं जंगल आडवं बांधलेलं होतं, छतासारखं, रंगवलेली बाजू खाली. त्याच्या सावलीत तान्ही पोरं ओळीनं निजली होती आणि वरून वाघ त्यांच्याकडं बघत होता.

"कुनी बांधला ह्यो?" दाजी गरजले.

आक्का हातोडी घेऊनच उठली. मी माझ्या बहिणीला इतकी वर्षं ओळखतो, पण तिचा असा चेहरा पाहिला नव्हता. "मी बांदला," ती म्हणाली. "काडायचा आसंल तर काडा. पन खाली पोरं निजल्यात. आदी एकेक पोर उचला आन् ह्या उनात ठिवा. मग न्या तुमचं जंगल."

सगळ्या हातोड्या थांबल्या. दाजी तिथंच उभे राहिले. त्यांचा हात दोरीपर्यंत गेला होता. पोरांना सांभाळायला एक म्हातारी बसवली होती, जन्मभर शेरडं राखलेली, तिची शेरडं त्या साली गेली होती. ती मान वर करून पडद्याकडं बघत अगदी साध्या आवाजात म्हणाली, "ह्यो वाघ तुमी काडला व्हय, बाबा?"

"व्हय!" दाजी ओरडले. "मंग?"

"रागवू नगा. चार दीस बगतीया मी. तोंड बरं हाय त्येचं. मागला पाय चुकलाय. जनावराचं ढोपर आसं फुडं मोडत न्हाई. ह्ये मानसाचं झालंय. म्हून त्यो पाटावर बसल्यावानी दिसतुया."

दाजी वाकून सावलीत शिरले. दोन पोरांच्या मध्ये जागा बघून पाठीवर आडवे झाले आणि वर बघत राहिले. मी बाहेरून बघत होतो. त्यांच्या मानेची शीर फुगली, ओठ हलले, हाताची मूठ वळली. मला वाटलं आता ते उठतील आणि टराटरा फाडतील. ते उठले नाहीत. पडल्या पडल्याच म्हणाले, "उलटं काडलंय. मागलं ढोपर उलटं काडलंय मी." आणि मग एकदम उसळून उठून बसले, कपाळ जवळजवळ वाघाला लागलं. "आरं पन आख्खं गाव हासलं! एकानं पायाचं सांगितलं न्हाई! एकानं!"

"सांगू दिलंत कुनाला?" आक्का म्हणाली आणि खाली बसून खडी फोडायला लागली.

त्या दिवशी दाजी आमच्याबरोबर घरी आले नाहीत. दिवेलागणीपर्यंत तिथंच बसले होते. दुसऱ्या दिवशी ते हातोडी घेऊन कामावर गेले. त्यांची खडी इतकी वाईट होती की मुकादमानं ढीग नापास केला. दाजींनी मुकादमाला अर्वाच्य शिव्या दिल्या, आणि मग त्याच ढिगासमोर बसून तो पुन्हा फोडला. आक्का मला म्हणाली, "बग. शिवी दिली, पन ढीग इस्कटला न्हाई." आमच्या दाजींची सगळी प्रगती मोजायची तर त्या एका वाक्यात मोजावी.

त्यांचा राग गेला का? अजिबात गेला नाही. पाऊस पडला, पुढच्या साली जत्रा भरल्या, अंगणात पुन्हा राजवाडे वाळू लागले. पण आता नवा पडदा झाला की दाजी तो बाजाराच्या दिवशी, भर दुपारी, रस्त्यावरच्या लिंबाला टांगायचे आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला अडवून विचारायचे, "काय वंगाळ हाय ते बोला. चांगलं सांगायचं न्हाई. चांगलं मला ठावं हाय." लोक भीत भीत सांगायचे. कोणी म्हणायचा, झोपडीचं दार माणसापेक्षा बुटकं आहे. कोणी म्हणायचा, तुरुंगाचे गज इतके लांब लांब आहेत की कैदी सहज निघून जाईल. दाजी त्या माणसाचा बापजादा काढायचे, बाजार ओलांडून त्याच्या मागं जायचे, ते पुरतं झालं की परत येऊन गज जवळ जवळ आणायचे. दोनचार महिन्यांत लोकांना ते अंगवळणी पडलं. दोष दाखवायचा, शिव्या खायच्या आणि पुढच्या बाजारी येऊन दुरुस्ती बघायची. शिव्या देणारा माणूस आपलं ऐकतो म्हटल्यावर गावं परत आली. एकदा त्यांनी न पाहिलेला समुद्र काढला. एक शेतकरी बघून म्हणाला, "झ्याक नांगारलंय." दाजी त्याला मारायलाच धावले. मग थबकून मागं वळून बघितलं आणि म्हणाले, "नांगारलंयच की. हितून फुडं शेत म्हून दिऊ ह्यो." तो पडदा शेत म्हणून बरीच वर्षं चालला.

माझी बदली अकोले तालुक्यात झाली होती. तिथल्या शाळेच्या संमेलनासाठी मी स्वतः एक तीन अंकी नाटक लिहिलं. गावातलीच मोठी माणसं त्यात कामं करणार होती. पडदे घेऊन दाजी आले, नगरला आणि संगमनेरला गाडी बदलून, दोन्हीकडच्या कंडक्टरांशी भांडून. दुपारी नाटक सुरू झालं. पहिल्या अंकात लोक बसले. दुसऱ्यात एकजण उठला, मग त्याच्या मागं दोघं, मग बायका पोरांना घेऊन उठल्या, भात झोडायचा होता म्हणे. तिसऱ्या अंकाला समोर हेडमास्तर, त्यांची मंडळी आणि एक कुत्रं राहिलं. पडदा पडल्यावर मी मागं जाऊन पेटीवर बसलो. माझ्या रागाला सीमा नव्हती. या लोकांना काय कळतं नाटकातलं! अडाणी लेकाचे! मी हस्तलिखिताची वही घेतली आणि पहिली पानं ओढून काढली.

दाजींनी माझं मनगट धरलं. इतकं घट्ट की दुखलं. "फाडायचं न्हाई!" ते माझ्या तोंडावर ओरडले. "फाडून काय मिळतं ते मला इचारा. मी इतकी वर्सं फाडीत बसलो. तुमच्या आक्काच्या गोधड्या झाल्या, दुसरं काय झालं न्हाई!"

"तुम्हीसुद्धा हसलात का मागं उभं राहून?" मी म्हणालो. मला त्यांना दुखवायचं होतं.

"न्हाई हासलो. मोजत हुतो." त्यांनी कोपरीच्या खिशातून सिगारेटच्या पाकिटाचा पुठ्ठा काढला. त्यावर त्यांच्या वेड्यावाकड्या अक्षरात खुणा होत्या. "पयला गडी उठला ती तुमची नायिका चंद्रावर बोलाया लागली तवा. बायका उठल्या त्या वकील आला तवा. वकील लई बोलतुया, मास्तर. बायांना घरी वकिलावानी बोलनारं एक आसतंयच." ते माझ्या शेजारी पेटीवर बसले, फाटलेली पानं गोळा करून मांडीवर सपाट केली, आणि सरसाचा कुंचा घेऊन एकेक पान जोडायला लागले. मला तेव्हाही रागच येत होता. वकील चांगला होता असं मला वाटत होतं.

पुढच्या वर्षी मी वकील निम्मा केला, चंद्र काढला, आणि तेच नाटक पुन्हा लावलं. दाजी आले. त्यांना खोकला झाला होता, पडद्याची गुंडाळी मी टपावरून उतरवून घेतली. ते मागं उभे राहून मोजत होते. संपल्यावर मला म्हणाले, "सात उठले. गेल्या साली आख्खं मैदान उठलं हुतं. फुडल्या साली चार उठत्याल बगा." मी हसलो, आणि हसलो म्हणून ते चिडले.

तिसऱ्या वर्षी पडदे एस.टी.च्या टपावरून एकटेच आले, सोबत आक्काची चिठ्ठी. दाजी पावसाळ्यातच, त्या खोकल्यात, गेले होते. मी पडदे टांगले आणि नाटक झालं. शेवटी बरेच लोक जागेवर होते, असं सगळे सांगत होते. मागं उभं राहून मी मोजायला सुरुवात केली होती. एकजण उठला, मग दुसरा. त्यानंतर मला नीट दिसेना.